रॉटिफरचं लफडं: फिरत्या मेसेजमधलं खरं आणि खोटं

"8 कोटी वर्षांत नराचं तोंड न पाहिलेला सूक्ष्म प्राणी! सगळ्या माद्या एकमेकींच्या झेरॉक्स. एक तर 24 हजार वर्षं मेलेली होती, ती जिवंत झाली. डार्विन खोटा ठरला. आणि असल्या किड्यांवर आपल्या पैशातून पीएचड्या!" हा मेसेज मला आठवड्यात तीनदा आला, त्यातला एक सोसायटीच्या ग्रुपवर, पाणीकपातीच्या सूचनेखाली.

प्राणी खरा आहे. नाव डेलॉइड रॉटिफर, लांबी साधारण अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून कमी. गच्चीच्या पन्हाळीतलं शेवाळ भिजवून सूक्ष्मदर्शकाखाली धरलंत तर बहुधा भेटेल. 450 हून अधिक जातींची नोंद आहे आणि एकीतही नर खात्रीनं सापडलेला नाही. ज्वारीवरचा मावा हा किडाही नराविना पिल्लं घालतो, पण थंड प्रदेशातला मावा हिवाळ्याआधी नर तयार करतो. डेलॉइड तेवढंही करताना कुणाला दिसलेले नाहीत. म्हणून जॉन मेनार्ड स्मिथ या जीवशास्त्रज्ञानं याला उत्क्रांतीतलं 'स्कँडल' म्हटलं. मराठीत लफडं म्हणा. लफडं हेच, की कुणाचं कुणाशी काहीच नाही.

पण 'दिसला नाही' म्हणजे 'नाही' नव्हे. डार्विन्युलिड नावाच्या शिंपलेधारी सूक्ष्म प्राण्यांमध्ये 20 कोटी वर्षं नर नाहीत असं मानत. 2006 मध्ये जपानच्या याकुशिमा बेटावरचे तीन नर जाहीर झाले. ते कामाचे होते की नावाचे, हे त्यावरून ठरलं नाही. पण तोवरची खात्री गेली.

रॉटिफरच्या पुराव्याचीही अशीच उलटापालट झाली. 2000 मध्ये मार्क वेल्च आणि मेसेल्सन या संशोधकांना एकाच जनुकाच्या प्रतींमध्ये प्रचंड फरक दिसला. लैंगिक प्रजनन थांबलं की दोन प्रती वेगवेगळ्या वाटांनी बदलत जातात, तेव्हा पुरावा भक्कम वाटला. पुढे कळलं की या प्राण्यांचा जनुकसंच फार पूर्वी दुप्पट झाला होता. तुलना झालेल्या प्रती सख्ख्या नव्हत्या, चुलत होत्या. 2013 मध्ये अ‍ॅडिनेटा व्हागा या जातीचा जनुकसंच वाचला गेला. गुणसूत्रांची रचना अशी दिसली की नेहमीचं अर्धसूत्री विभाजन, म्हणजे लैंगिक प्रजननासाठी गुणसूत्रांच्या जोड्या वेगळ्या करणं, अशक्यच. 2021 मध्ये त्याच जातीची गुणसूत्रं टोकापासून टोकापर्यंत जुळवली, तर सरळ सहा जोड्या निघाल्या. अशक्यतेचा तो आधार गेला. दरम्यान 2020 मध्ये निसर्गातल्या माद्यांच्या जनुकसंचांत सरमिसळीच्या खुणा सापडल्या होत्या. म्हणजे हे प्राणी कधीमधी, चोरूनमारून, जनुकांची देवाणघेवाण करत असतील ही शक्यता उघडी आहे. मेसेजमधलं '8 कोटी' हे या गटाच्या वयाचा अंदाज आहे, ब्रह्मचर्याचा दाखला नव्हे.

झेरॉक्स? नाही. सरमिसळीच्या खुणा वर आल्याच. शिवाय अ‍ॅडिनेटा व्हागाची सुमारे 8 टक्के जनुकं जीवाणू, बुरशी, वनस्पती अशा परक्यांकडून आलेली दिसतात.

24 हजार वर्षांची गोष्ट 2021 ची, सैबेरियातल्या अलाझेया नदीकाठच्या गोठलेल्या मातीतली. मेलेलं काही उठलं नाही. शरीराचे व्यवहार जवळपास थांबवून तग धरलेला प्राणी बर्फ वितळल्यावर हलू लागला, प्रयोगशाळेत त्याची वीणही वाढली.

डार्विनचं म्हणाल तर, नराविना चालणाऱ्या वंशावळी बहुतेक अल्पायुषी ठरतात, आणि म्हणूनच हा अपवाद अभ्यासायचा. त्या अल्पायुषी का, याचं एक प्रमुख उत्तर असं: रोग आणि परजीवींशी शर्यतीत जनुकं पत्त्यांसारखी पिसत राहावी लागतात. मग न पिसणारे, किंवा पिसलीच तर कधीमधी पिसणारे, डेलॉइड वाचतात कसे?

इथे मेसेजला खटकलेली पीएचडी येते. ख्रिस विल्सन कॉर्नेल विद्यापीठात पॉल शर्मन यांच्याकडे नेमक्या याच प्रश्नावर डॉक्टरेट करत होता. डेलॉइडना खाणारी एक बुरशी आहे. त्यानं बाधित रॉटिफर वाळवले. जितके दिवस कोरडे ठेवले, तितकी बुरशी जास्त मेली आणि रॉटिफर वाचले. वाऱ्यानं उडवले तर नव्या जागी बुरशीमुक्त वस्त्या उभ्या राहिल्या. 2010 मध्ये हे छापून आलं. 2016 मध्ये डेलॉइड एकमेकींकडून जनुकं घेतात असा गाजावाजा झाला, तेव्हा नमुने एकमेकांत मिसळले होते हे 2018 मध्ये सहकाऱ्यांसह दाखवणाराही हाच विल्सन. 2024 मध्ये तो ज्यात होता त्या गटाला आढळलं, की बुरशीचा हल्ला झाला की जीवाणूंकडून मिळालेली जनुकं जोमानं कामाला लागतात, आणि ती प्रतिजैविकं बनवणाऱ्या जनुकांसारखी आहेत. ती नेमकी कोणती रसायनं बनवतात, हा पुढच्या कुणाच्या तरी पीएचडीचा विषय.