मसाला यीस्टचा की धण्याचा? 'हॉप्सप्रेमी' यांना उत्तर

नमस्कार हॉप्सप्रेमी,

'त्रुआ पिस्तोल' या कॅनडातल्या काळ्या बिअरवरच्या माझ्या लेखावर तुम्ही बरंच झोडपलंत. इतरांसाठी तुमचे मुद्दे आधी सांगतो. बेल्जियन पद्धतीच्या काळ्या, कडक एलमध्ये (एल म्हणजे उबदार तापमानाला आंबवलेली बिअर) लवंग जाणवते ती यीस्टमुळे, वरून मसाला टाकणं ही पळवाट आहे. साखर घालून ९ टक्के अल्कोहोलवर नेलेली बिअर गोडच लागणार. फ्रिजबाहेर ठेवून बिअर पिणं हा तिच्यावर अत्याचार. आणि माझ्या वर्णनातले 'मनुका, कोको, जुनी पोर्ट' (पोर्ट म्हणजे गोड, कडक वाइन) हे सगळे शब्दांचे फुगे.

यीस्टचं म्हणणं खरं आहे. बेल्जियन जातीची यीस्ट माल्टमधल्या (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव) फेरुलिक आम्लापासून एक संयुग बनवते आणि त्याला थेट लवंगेचा वास येतो. खऱ्या लवंगेतलं युजेनॉल आणि हे संयुग एकाच कुळातले, त्यामुळे नाकाची गल्लत होते. पिकलेल्या केळ्याचा वास येतो तोही यीस्टचाच. म्हणजे एकही मसाला न घातलेली बिअर मसालेदार लागू शकते, हे मान्य. पण त्यावरून 'बेल्जियममध्ये मसाला घालतच नाहीत' इथपर्यंत तुम्ही उडी मारलीत, ती पटत नाही.

रॉशफोरचं उदाहरण घ्या. दक्षिण बेल्जियममधला ट्रॅपिस्ट पंथाच्या ख्रिस्ती साधूंचा मठ, आणि त्यांची '१०' नंबरची बिअर ११.३ टक्क्यांची. या प्रकारातलं मोजमाप म्हणून लोक जिच्याकडे बोट दाखवतात, ती ही. तिच्यात धणे असतात. थोडे, पण असतात. आता त्या साधूंना आपला माल झाकायला धणे लागतात असं तुम्ही म्हणणार का? हूगार्डन गावात पिएर सेलिस या दूधवाल्याने १९६० च्या दशकात तिथली बंद पडलेली पांढरी बिअर पुन्हा सुरू केली, तीही धणे आणि क्युरासाओ संत्र्याची साल घालूनच. बिअरमध्ये फक्त जव, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आणि पाणी हा १५१६ चा नियम बव्हेरियाचा. बेल्जियमला तो कधी लागू नव्हता. हॉप्स सगळीकडे पसरण्याआधी त्या भागात बॉग मर्टल या सुगंधी झुडपासारख्या कितीतरी वनस्पती बिअरमध्ये पडत. तुमच्या नावातले हॉप्ससुद्धा त्याच रांगेतून पुढे आलेले, एवढं लक्षात असू द्या!

मसाला आहे की नाही, यावर भांडण्यात मला रस नाही. तो किती वर येतो, हे महत्त्वाचं. वरणाच्या फोडणीत हिंग असावा तसा: नसेल तर काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, पण वरण खाऊन कुणी 'वा, काय हिंग आहे' असं म्हणत नाही. ज्या बिअरचा पहिला घोट घेताच 'दालचिनी!' असं तोंडातून निघतं, ती माझ्या लेखी फसली. ख्रिसमसच्या सुमाराला निघणाऱ्या कितीतरी बिअर अशाच फसतात, त्यांचा मलाही तुमच्याइतकाच राग आहे.

'त्रुआ पिस्तोल' या कसोटीला उतरते. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये माँट्रियलजवळच्या शांब्ली गावात युनिब्रू ही ब्रूअरी १९९० च्या दशकापासून बेल्जियन धर्तीच्या, बाटलीत पुन्हा आंबणाऱ्या बिअर करते, त्यातली ही एक काळी. (बाटलीवरचा काळा घोडा सैतानाचा, बरं का. त्रुआ पिस्तोल गावाच्या चर्चचे दगड त्याने वाहिले अशी तिकडची दंतकथा आहे.) ग्लासात काळी दिसते, उजेडापुढे धरली की कडेला माणकाचा रंग उतरतो. फेस जाड, खाकी. नाकाशी आधी मनुका आणि वाळलेल्या प्लमचा वास, मागून रमसारखं काहीतरी, आणि त्याच्याही मागे बडीशेपेकडे झुकणारा एक धागा. तो घातलेला मसाला की यीस्टची करामत, हे मी पैजेवर सांगणार नाही. मला ती बिअर आवडते ती नेमकी त्यामुळेच. जिभेवर कोको आणि भाजलेल्या पावाची कड येते, मग गोडवा येतोसा वाटतो आणि तिथेच तो तुटतो. शेवट कोरडा, किंचित तुरट.

इथे तुमचा साखरेचा मुद्दा आडवा येतो. साखर घातली म्हणजे गोड, हे सरबताच्या बाबतीत खरं. आंबवण्याच्या पातेल्यात उलट घडतं. कँडी शुगर यीस्ट जवळजवळ सगळी फस्त करते, मागे अल्कोहोल उरतं, गोडी नाही. तेच ९ टक्के नुसत्या माल्टवर गाठायला गेलात तर माल्टमधल्या न आंबणाऱ्या शर्करा मागे राहतात आणि बिअर जड, चिकट होते. इंग्लिश बार्लीवाइन (नावात वाइन असली तरी ती कडक, दाट बिअरच) प्यायला असाल तर तो दाटपणा माहीत असेल. बेल्जियन लोक साखर घालतात ती बिअर हलकी करायला. रॉशफोर '१०' ११.३ टक्क्यांची असून घशाखाली सहज उतरते, त्याचं श्रेय या साखरेलाही आहे. (धोकाही तोच. ७५० मिलीची बाटली दोघातिघांत उघडावी.) गडद सिरप वापरलं तर साखर शिजवताना आलेला मनुका-कॅरमेलचा स्वाद तेवढा मागे राहतो. त्यालाच आपण गोड म्हणत असतो, कारण हे वास आपल्याला गोडाच्याच पदार्थांत भेटलेले असतात.

तापमानावर फार लिहीत नाही. मी ती १२-१३ अंशांना प्यायलो, खोलीच्या तापमानाला नाही. चार अंशांवर वास उठतच नाहीत, फक्त फसफस आणि कडवटपणा उरतो. तुमची आयपीए (हॉप्स जास्त असलेली कडवट बिअर) थंड प्या, माझी ना नाही.

'शब्दांचे फुगे' म्हणालात, त्यावर एवढंच की मी मनुका लिहिलं ते मनुका आठवलं म्हणून. तुम्हाला खजूर आठवला तर खजूर लिहा, मी भांडायला येणार नाही.

खरं तर या बिअरवर टीका करायची तर जागा वेगळीच होती, ती तुमच्या नजरेतून निसटली. हिच्यात गॅस जरा जास्त आहे. ओतल्यावर पहिली काही मिनिटं बुडबुडेच जिभेवर नाचतात आणि चव विस्कटते. ग्लास हलवून थोडा वायू जाऊ दिला की ती जागेवर येते. बुडाची यीस्ट मी शेवटच्या घोटापर्यंत बाटलीतच ठेवतो, ती ढवळून ओतली तर कोकोवर पिठूळ चव चढते.

एक विचारायचं राहिलं. तुम्ही प्यायलेल्या बाटलीवर तारीख काय होती? ताज्या बाटलीत यीस्टची लवंग ठळक असते, काही वर्षं ठेवलेल्या बाटलीत ती मावळते आणि सुकामेवा, पोर्ट पुढे येतात. तुमची बाटली नवी आणि माझी मुरलेली असेल, तर आपल्या दोघांच्या वर्णनांत एवढा फरक का पडला याचा उलगडा होईल. तारीख आणि शक्य असेल तर बाटली कशी ठेवली होती, एवढं कळवा.