गॅल्व्हस्टनच्या ८,००० बळींवरून काय सिद्ध होतं?

“१९०० साली टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनला एका चक्रीवादळात ८,००० माणसं गेली. तेव्हा ना मोटारी होत्या, ना एसी. आज एवढी माणसं मरत नाहीत. म्हणजे वादळं उलट सौम्य झाली आणि तापमानवाढ ही थाप आहे.” हा संदेश दर मोसमात नव्याने फिरतो. ज्यांची लेकरं गॅल्व्हस्टनजवळच्या ह्यूस्टनला राहतात, त्यांनी तरी तो पुढे पाठवण्याआधी थांबावं.

आकडा खरा आहे. ८ सप्टेंबर १९०० ला किमान ६,००० माणसं गेली आणि ८,००० हा रूढ अंदाज आहे.

पण बळींच्या संख्येवरून वादळाचा जोर कळत नाही. त्या शहरातली सर्वांत उंच जागा ९ फूटसुद्धा नव्हती आणि पाणी चढलं १५ फुटांवर. क्युबाच्या वेधशाळेतल्या जाणकारांचे अंदाज अमेरिकी हवामान खात्याने तारेने पुढे जाऊच दिले नव्हते. गॅल्व्हस्टनमधले हवामान अधिकारी आयझॅक क्लाइन यांनी १८९१ मध्येच लिहून टाकलं होतं की गॅल्व्हस्टनला वादळाचं भय हा निव्वळ भ्रम आहे. सेंट मेरीज अनाथाश्रमातल्या नन्सनी कपडे वाळत घालायच्या दोरीने मुलांना आपल्या कमरेशी बांधून घेतलं. सुमारे ९० मुलांपैकी तीन वाचली. तिथली एकही नन वाचली नाही.

मग शहराने १७ फूट उंच समुद्रभिंत बांधली. घरं, अगदी चर्चसुद्धा, जॅक लावून उचलली आणि खाली पंपाने ओली वाळू भरली. लोक कित्येक महिने फळ्यांवरून ये-जा करत होते. १९१५ मध्ये जवळपास तेवढंच जबर वादळ आलं, तेव्हा भिंतीआडच्या वस्तीत बळी फार थोडे गेले. पंधरा वर्षांत समुद्र काही निवला नव्हता, शहर सावध झालं होतं.

‘वादळं पूर्वीही येत होती’ हेही खरंच. टेक्सासमधलंच इंडियानोला बंदर १८७५ आणि १८८६ च्या वादळांनी पार उजाड झालं. अमेरिकेच्या किनाऱ्यावर धडकणाऱ्या वादळांची संख्या गेल्या शतकात ठळकपणे वाढलेली नाही, हेही मान्य करायला हवं. बदल झाला आहे तो पाण्यात. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. २०१७ च्या हार्वी वादळात टेक्सासमधल्या नेदरलँड गावात ६० इंचांहून जास्त पाऊस पडला, चक्रीवादळाच्या पावसाचा अमेरिकेतला उच्चांक. गॅल्व्हस्टनच्या धक्क्यावरच्या नोंदींनुसार समुद्रपातळी शतकभरात दोन फुटांहून जास्त वाढली. त्यात भूजल आणि तेलाच्या उपशाने जमीन खचण्याचाही मोठा वाटा आहे, पण घरात शिरणारं पाणी तेवढंच वर येतं.

राहिला एसी. जुलै २०२४ चं बेरिल हे अटलांटिकमध्ये पाचव्या, म्हणजे सर्वांत जबर श्रेणीला वर्षात सर्वांत लवकर पोचलेलं आजवरचं वादळ. टेक्सासला धडकलं तेव्हा ते पहिल्या, म्हणजे सर्वांत खालच्या श्रेणीचं उरलं होतं. तरीही ह्यूस्टन परिसरात वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, अनेकांची कित्येक दिवस आलीच नाही, तीही ऐन उन्हाळ्यात. ह्यूस्टन ज्यात येतं त्या हॅरिस काउंटीतले काही मृत्यू वाऱ्या-पावसाने नव्हे, तर बंद एसीच्या घरातल्या उकाड्याने झाले.