फुगा, हाऊजी आणि घुमट: दोन तारे देणाऱ्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

अभिप्राय सविस्तर लिहिलात, देव बरें करूं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वडिलांना स्ट्रोकनंतर व्यायामासाठी फोंड्याला आमच्या फिजिओथेरपी केंद्रात आणलं आणि इथं त्यांना फुगा मारायला, हाऊजी (पुकारलेले आकडे तिकिटावर झाकायचा खेळ) खेळायला, घुमटावर (गोव्यातलं मातीचं तालवाद्य) आरत्या म्हणायला बसवलं. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला बालवाडीत बसवल्यासारखं झालं. आठ जणांमागे एकच थेरपिस्ट दिसली आणि घरी आल्यावर त्यांचा खांदा दुखला. त्यांच्या तब्येतीबद्दल इथं चारचौघांत आम्ही काही लिहिणार नाही; ते फाइल समोर ठेवूनच बोलू. गट-सत्रात काय चालतं आणि का, हे मात्र उघड सांगता येतं.

आधी पैशांचं. गट-सत्र वैयक्तिक फिजिओथेरपीच्या बदल्यात नसतं. बिलात त्याची ओळ वेगळी असते, नको असेल तर काढून टाकतो.

आता फुगा. तो हळू खाली येतो, म्हणून उशिरा हलणाऱ्या हातालाही वेळ मिळतो. प्लास्टिकचा बीच बॉल वापरला तर अर्धे जण तो येऊन गेल्यावर हात उचलतात. शिवाय फुगा कुठे वळेल ते सांगता येत नाही, त्यामुळे कंबरेतून डावीकडे-उजवीकडे झुकावं लागतं. बसल्या जागी तोल सांभाळण्याचा हाच सराव खाटेवर करायला सांगितला की माणूस दहा मोजून थांबतो. खेळात कोणी मोजत बसत नाही.

मांडणी अशी असते: बिनचाकांच्या, हात असलेल्या खुर्च्या समोरासमोर, दोन्हीकडच्या गुडघ्यांमध्ये साधारण दीड मीटर अंतर, मध्ये छातीच्या उंचीला दोरी. व्हीलचेअर असेल तर ब्रेक लावलेले. फुगा पूर्ण फुगवत नाही, कारण ताणलेला फुगा फुटतो आणि त्या आवाजाने दचकून तोल जातो. रबराची अॅलर्जी असलेल्यांसाठी कापडी कव्हर घातलेला वेगळा फुगा असतो. बिघडतं ते बहुतेक वेळा एकाच ठिकाणी: खेळ रंगला की माणूस खुर्चीच्या कडेला सरकतो आणि टाचा उचलल्या जातात. म्हणून मदतनीस मागे नाही, कमजोर बाजूला उभा असतो.

खांद्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे. स्ट्रोकनंतर खांद्याभोवतीचे स्नायू अनेकदा सैल पडलेले असतात. खांद्यामागचं चपटं हाड सोबत फिरत नसताना हात डोक्यावर गेला की सांध्यात चिमटा बसतो. म्हणून दोरी छातीएवढी आणि नियम असा की कमजोर हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, चांगल्या हाताने ओढूनही नाही. घरी कपडे घालताना किंवा खुर्चीतून उठवताना तोच हात धरून ओढला जातो, तेही तपासून पाहा. काखेत हात घालून उचलणंसुद्धा टाळा. दुखण्यासोबत हाताच्या पंजाला सूज किंवा लाली असेल तर पुढच्या सत्राची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.

हाऊजी हा वेळ घालवायचा खेळ वाटतो, गोव्यात तर लग्नापासून चर्चच्या फेस्तापर्यंत सगळीकडे चालतो. पण तिकिटाची रचना बघा: तीन ओळी, नऊ रकाने, पंधरा आकडे, आणि लहान आकडे नेहमी डाव्या टोकाला. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेल्या काही जणांचं डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. असा माणूस 63 आणि 78 बरोबर झाकतो, 7 आणि 14 पुकारले तरी सोडून देतो. नजर अधू नसते, शोध अर्ध्यातच थांबतो. मग तिकिटाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवतो आणि प्रत्येक आकड्याला आधी पट्टी शोधायला लावतो. तिकीट मोठ्या कागदावर छापलेलं असतं. आकडे झाकायला चिंचोक्यांऐवजी कॅरमच्या सोंगट्या देतो, कारण चिमटीत धरायला त्या सोप्या आणि तोंडात जाण्याचा धोका कमी. बोलणं समजायला जड जातं त्यांच्यासाठी आकडा पुकारतानाच कार्डावर दाखवतो. पुकारायचं काम मुद्दाम पार्किन्सनच्या रुग्णाला देतो. त्यांचा आवाज बारीक होत जातो आणि इथं शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचवावाच लागतो.

घुमट-आरतीबद्दल तुम्ही ‘भजनी मंडळ उघडलंय का’ असं विचारलंत. ज्यांना ‘पाणी’ हा शब्द सुचत नाही, ते चवथीची आरती सुरू झाली की कडवंच्या कडवं म्हणतात, कारण पाठ असलेल्या आणि सुरातल्या शब्दांची वाट मेंदूत थोडी वेगळी असते. याचा अर्थ बोलणं परत आलं असा नाही. घरच्यांनी तसं धरून चाललं की निराशा होते. पार्किन्सनमध्ये पाय अडतो, तो ठेक्यावर सुटायला मदत होते. ज्यांना आरती नको त्यांच्यासाठी मांडो (गोव्यातलं पारंपरिक कोंकणी गाणं) असतो. घुमट बकरीच्या कातड्याचं आहे. पावसाळ्यात ते सैल पडतं, मग आवाज काढायला माणूस जोरात हाणतो आणि मनगट दुखतं. म्हणून जून ते सप्टेंबर टाळ्या आणि टाळच.

तुम्हाला दिसलेल्या आठ खुर्च्यांपैकी सहा रुग्णांच्या, दोन नातेवाइकांच्या. सहा जणांमागे एक थेरपिस्ट आणि दोन मदतनीस. मदतनिसांचा गणवेश वेगळा नाही, त्यामुळे ते घरचेच कोणी वाटतात.

बालवाडीसारखं वाटणं ही तक्रार मात्र आम्ही वाद न घालता नोंदवून घेतो. ज्याला फुगा अपमानास्पद वाटतो त्याला फुगा देऊन उपयोग नाही. तो हात अर्धाच लांबवणार. त्याऐवजी उभ्याने कॅरम आहे. बोर्ड कमरेच्या उंचीच्या टेबलावर, मागे टेकलेली खुर्ची, आणि नेम धरताना वजन कमजोर पायावर यावं अशी उभं राहायची जागा. बोरिक पावडर अगदी चिमूटभर, कारण ती टाइल्सवर सांडली की पाय घसरतो. (हा अपघात कॅरमच्या क्लबातही होतो, तिथं फक्त सगळे धडधाकट असतात.)

सत्राआधी रक्तदाब बघतो. डॉक्टरांनी घालून दिलेल्या मर्यादेबाहेर असेल तर त्या दिवशी खेळ नाही. खेळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, दम लागून शब्द तुटले की विश्रांती. थकवा दुसऱ्या सकाळपर्यंत टिकला तर पंचेचाळीस मिनिटांचं सत्र पंचवीसवर आणतो, पण ते तुम्ही कळवलंत तरच.

खांदा तपासेपर्यंत त्यांना गटात बसवणार नाही. येत्या आठवड्यात सकाळी त्यांना घेऊन या, कॅरमचा डाव बघून त्यांनाच ठरवू द्या. येताना चालू गोळ्यांची यादी आणा आणि घरी ते ज्या खुर्चीत जास्त वेळ बसतात तिच्या बैठकीची जमिनीपासूनची उंची मोजून आणा.