दोन टक्के आणि म्हादईचे वाघ

‘मोठ्या कंपन्यांनी नफ्यातले 2 टक्के वन्यजीवांसाठी द्यायलाच हवेत, मग म्हादईच्या वाट्याचे कुठे गेले?’ असा मेसेज गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, म्हादई अभयारण्याच्या परिसरात फिरतोय. राग रास्त, कायदा मात्र तसा नाही.

कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातले किमान 2 टक्के सामाजिक कामांवर खर्चावे लागतात. त्या कामांच्या यादीत वनस्पती-प्राण्यांचे रक्षण आहे, तसेच शिक्षण आणि आरोग्यही. निवड कंपनीची. (शाळेच्या उद्‌घाटनाला फोटो बरा येतो; वाघ फीत कापायला येत नाही.)

खाणवाल्यांना जे इतर कायद्यांनी करावेच लागते, ते मात्र या 2 टक्क्यांत धरता येत नाही. विचारायचेच तर त्या सक्तीच्या कामांचा हिशेब विचारा.