शर्ली मॅक्लेनच्या मालिकेने पुनर्जन्म सिद्ध झालेला नाही

गेल्या काही महिन्यांत एकच मजकूर मला चार जणांनी पाठवला, शेवटी आमच्या काकांनी, वर "वाच, आणि मग बोल" असं लिहून. तो थोडक्यात असा: ऑस्कर मिळवलेली हॉलीवूडची अभिनेत्री शर्ली मॅक्लेन हिला आत्मसाक्षात्कार झाला. अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीने १९८७ मध्ये तो जसाच्या तसा दाखवला. त्यात ती स्वतः होती, तिला वाट दाखवणारेही खरेच होते, आत्मे थेट कॅमेऱ्यासमोर बोलले. शरीर सोडून ती अवकाशात गेली. समुद्राकडे तोंड करून ती "मी ईश्वर आहे" म्हणाली, म्हणजे आपलं अद्वैतच. पुनर्जन्म सिद्ध झाला. खोटं असतं तर एवढ्या मोठ्या नटीने अब्रू पणाला लावली असती का? आणि मानलं तर बिघडलं कुठे?

मी वाचलं, आता बोलतो. मॅक्लेनला नावं ठेवायला मी बसलेलो नाही. 'द अपार्टमेंट'मधली लिफ्ट चालवणारी ती मुलगी ज्याने पाहिली आहे, त्याला या बाईच्या चेहऱ्यातला खरेपणा वेगळा सांगावा लागत नाही. तिला अनुभव आलाच नाही, असंही माझं म्हणणं नाही. त्या अनुभवाचा टीव्हीवरून पुरावा कसा झाला, एवढाच माझा प्रश्न आहे.

"जसाच्या तसा दाखवला." नाही. ज्यावरून मालिका झाली ते तिचं आत्मकथनाचं पुस्तक आलं १९८३ मध्ये, 'आउट ऑन अ लिम्ब' या नावाने, म्हणजे फांदीच्या पार टोकाला. मालिका दाखवली १८ आणि १९ जानेवारी १९८७ ला, दोन रात्री मिळून सुमारे पाच तास. पटकथा खुद्द मॅक्लेनने कॉलिन हिगिन्सबरोबर लिहिली, दिग्दर्शन रॉबर्ट बटलरचं. चाळिशीत घडलेल्या गोष्टी तिने पन्नाशी उलटल्यावर पुन्हा करून दाखवल्या. तिला अध्यात्माकडे नेणारा डेव्हिड पडद्यावर जॉन हर्ड या नटाने केला. तिचा विवाहित प्रियकर, ब्रिटिश राजकारणी जेरी, चार्ल्स डान्सने केला, आणि या जेरीचं खरं नाव पुस्तकातही दिलेलं नाही. ज्या कथेतली एक मुख्य व्यक्ती कोण, हेच वाचकाला सांगितलेलं नाही, तिला नोंद म्हणता येत नाही. आठवणीवरून पुस्तक, पुस्तकावरून पटकथा, पटकथेवरून अभिनय. प्रत्येक पायरीवर काही गळतं, काही चढतं. यात लबाडी नाही, नाट्यरूपांतर असंच होतं.

मराठी माणसाला हे समजायला अमेरिकेत जायची गरज नाही. त्या मालिकेनंतर बरोबर आठवड्याने, २५ जानेवारी १९८७ च्या रविवारी, आपल्याकडे दूरदर्शनवर रामायण सुरू झालं. आमची आजी आंघोळ करून, टीव्हीसमोर उदबत्ती लावून बसायची. देशभर टीव्हीला हार घातले जात होते. अरुण गोविल दिसले की लोक पाया पडत. आजीची भक्ती शंभर टक्के खरी होती. पण त्या भक्तीमुळे समोरचं चित्रीकरण त्रेतायुगात झालं, असं आजीसुद्धा कधी म्हणाली नाही.

"माध्यमं खरी होती, नट नव्हते." माध्यमं म्हणजे ज्यांच्या तोंडून आत्मे बोलतात असं सांगितलं जातं ती माणसं. हे अर्धं खरं आहे, म्हणून जास्त फसवं आहे. केव्हिन रायर्सन हा अमेरिकन आणि स्टुरे योहानसन हा स्वीडिश, दोघांनी मालिकेत स्वतःच्याच भूमिका केल्या. रायर्सनच्या तोंडून बोलणाऱ्यांपैकी एक जॉन, ख्रिस्ताच्या काळातला. दुसरा टॉम मॅकफर्सन, काही शतकांपूर्वीचा पाकीटमार. माणूस खरा होता, मान्य. पण रायर्सन खरा असणं आणि मॅकफर्सन खरा असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीवरून दुसरी आपोआप निघत नाही.

आपल्याकडे याला अंगात येणं म्हणतात, कोकणात वारं येणं. ज्याने जागरण-गोंधळ जवळून पाहिला आहे त्याला ठाऊक आहे, की ती बाई सोंग करत असतेच असं नाही. तिचे डोळे, तिचा श्वास, घुमणं थांबल्यावर तिला येणारी ग्लानी, हे सगळं खरं असतं. म्हणून गावातला शहाणा माणूस तिला खोटारडी म्हणत नाही, आणि तिच्या सांगण्यावरून शेतही विकत नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळलेलं हे तारतम्य इंग्रजी बोलणारा माणूस डोळे मिटून बसला की आपण का सोडतो, हे मला कळत नाही. जुन्या काळातला आत्मा बोलतोय असं म्हटलं की एक गोष्ट निदान तपासता येते: भाषा. सारा ग्रे थॉमसन या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी अशा अनेक 'आत्म्यां'चे उच्चार तपासले. ज्या काळाचा आणि देशाचा दावा होता त्याच्याशी ते जुळेनात, बोलता बोलता मध्येच बदलतही होते. ख्रिस्ताच्या काळातला माणूस आरामाइक सोडून विसाव्या शतकातल्या श्रोत्याला समजेल असं, जुन्या वळणाचं इंग्रजी का बोलतो, हा प्रश्न मालिकेत कोणी विचारत नाही. पटकथेत त्याला जागा नव्हती.

"शरीर सोडून ती अवकाशात गेली." हा प्रसंग मी नीट पाहिला, दोनदा. पेरूमध्ये अँडीजच्या उंचीवर, खनिज पाण्याच्या गरम कुंडात ती गळ्यापर्यंत बुडून बसली आहे. बाहेर गारठा, आत अंधार, समोर मेणबत्ती. ती ज्योतीकडे बघत राहते, श्वास संथ होतो, आणि ती वर उचलली जाते. खाली शरीर, वर ती, मधे चंदेरी दोरी. पुढचं काम तंत्रज्ञांचं: डोंगर मागे पडतात, पृथ्वी लहान होते.

ज्योतीवर नजर स्थिर करणं म्हणजे आपलं त्राटक. हठयोगाच्या षट्कर्मांत ते सांगितलेलं आहे. विरळ हवा, ऊब, शरीराचं वजन हलकं करणारं पाणी आणि त्राटक, इतकं जुळून आल्यावर देहभान सुटलं तर नवल नाही. तो अनुभव तिला हुबेहूब तसाच जाणवला असेल, यावर माझा विश्वास आहे. पण जिनिव्हामध्ये ओलाफ ब्लांके आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अपस्माराच्या एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूत उजव्या बाजूला एका ठरावीक जागी सौम्य विद्युतप्रवाह दिला, तेव्हा तिलाही आपण वरून स्वतःला पाहतोय असं जाणवलं. प्रवाह बंद केला की ते थांबत होतं. म्हणजे 'मी बाहेर आहे' ही जाणीव मेंदूतूनही उमटू शकते. आणि चंदेरी दोरी? बायबलच्या जुन्या करारात ते शब्द आहेत, आणि सूक्ष्मदेहाच्या प्रवासावरच्या पाश्चात्त्य पुस्तकांत ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून सर्रास भेटते. जे वाचनात आलेलं असतं ते अनुभवात दिसतं. पंढरीच्या वाटेवर विठ्ठलाचा भास होणाऱ्याला विठ्ठलच दिसतो, मेरी दिसत नाही.

पतंजली या बाबतीत किती कडक आहेत, तेही पाहायला हवं. अतींद्रिय अनुभव आणि सिद्धी यांचं वर्णन करता करताच योगसूत्रांच्या विभूतिपादात ते म्हणतात, "ते समाधावुपसर्गा व्युत्थाने सिद्धयः". समाधीच्या वाटेवर हे अडथळे आहेत. ज्या परंपरेचा दाखला देऊन मजकूर फिरतोय, ती परंपरा या दृश्याला शिखर मानत नाही. ती म्हणते, इथे रेंगाळू नकोस.

"मी ईश्वर आहे, म्हणजे अद्वैतच." मजकुरातला हा भाग मला सगळ्यात जास्त लागला. मालिबूच्या किनाऱ्यावर डेव्हिड तिला हात पसरून ते वाक्य म्हणायला लावतो. आधी ती अडखळते, मग मोठ्याने म्हणते. 'अहं ब्रह्मास्मि' हे बृहदारण्यक उपनिषदातलं वाक्य वरवर असंच दिसतं. पण वेदान्तात त्या वाक्यापाशी पोचायला विवेक, वैराग्य, शमदमादी साधना आणि मुमुक्षुत्व लागतं, त्यानंतर श्रवण, मनन, निदिध्यासन. आणि त्या वाक्यातला 'मी' म्हणजे अमुक गावची, अमुक नावाची व्यक्ती नव्हेच. ती गळून पडल्यावर जे उरतं त्याच्याबद्दल ते बोलणं आहे. तुकोबा आकाशाएवढे होतात ते देहाचा आकार टाकून. किनाऱ्यावरच्या प्रसंगात मात्र त्या 'मी'ला बळ द्यायचं आहे, तिचा संकोच घालवायचा आहे. एखाद्या खचलेल्या माणसाला त्याचा उपयोग होईलही. पण तो आत्मविश्वासाचा धडा आहे, त्याला महावाक्य म्हणू नका.

हे विचार तिच्यापर्यंत आले कुठून, तेही पाहा. १८७५ मध्ये न्यूयॉर्कला थिऑसॉफिकल सोसायटी निघाली. तिचे संस्थापक ब्लाव्हाट्स्की आणि ऑल्कॉट १८७९ मध्ये मुंबईत उतरले, त्यांचं मासिक इथूनच सुरू झालं. त्यांनी कर्म आणि पुनर्जन्म उचलले, त्यात युरोपातला गूढवाद आणि उत्क्रांतीची भाषा मिसळली आणि हे मिश्रण पश्चिमेत रुजवलं. अमेरिकेत एडगर केसी झोपेसारख्या अवस्थेत आजारांवर सल्ले देत असे. १९२३ मध्ये थिऑसॉफीचा नाद असलेल्या एका माणसाने त्याला वेगळे प्रश्न विचारले, तेव्हापासून त्याच्या बोलण्यात पूर्वजन्म आले. मॅक्लेनने केसी वाचला होता. म्हणजे आपल्याकडचीच गोष्ट दोन-तीन हातांतून फिरून, रंग बदलून परत आली, आणि आपण म्हणतो की बघा, परक्या बाईला स्वतंत्रपणे तेच सापडलं!

"पुनर्जन्म सिद्ध झाला." या विषयात खरंच आयुष्य घालवलेला माणूस म्हणजे व्हर्जिनिया विद्यापीठाचे डॉ. इयान स्टीव्हन्सन. घरोघर जाऊन, साक्षी ताडून त्यांनी शेकडो प्रकरणं नोंदवली. त्यांच्या १९६६ च्या पुस्तकाच्या नावात त्यांनी शब्द वापरला तो 'सूचक', सिद्ध नव्हे. त्यांनी अभ्यासलेलं एक गाजलेलं प्रकरण आपल्या नागपूरचं आहे. सत्तरच्या दशकात तिथल्या एक मराठी प्राध्यापिका अधूनमधून बंगाली बोलू लागल्या, स्वतःला शारदा म्हणवू लागल्या, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या बंगालमधलं घराणं सांगू लागल्या. स्टीव्हन्सन आणि सतवंत पसरिचा यांनी ते घराणं शोधलं, आणि पुरुषांची काही नावं वंशावळीत सापडलीही. वंशावळीत बायकांची नावंच नव्हती, त्यामुळे शारदाचा शोध तिथेच खुंटला. या बाईंनी पूर्वी थोडे बंगालीचे धडे घेतले होते, हेही पुढे आलं. त्यांच्या बंगालीवर भाषातज्ज्ञांत वाद झाला तो आजही मिटलेला नाही. तपास असा असतो, आणि इतक्या तपासानंतरही 'सिद्ध' हा शब्द कोणी उच्चारला नाही. मालिकेत तर यातला एक टक्काही तपास नाही.

"अब्रू कशाला पणाला लावेल?" तिचा विश्वास होता म्हणून. प्रामाणिक माणसाचीही समजूत चुकीची असू शकते, एवढं उत्तर पुरे. शिवाय तिची कारकीर्द बुडाली वगैरे काही नाही. १९८८ मध्ये 'मादाम सुझात्स्का'साठी व्हेनिसला तिला अभिनयाचं पारितोषिक मिळालं (त्यात शबाना आझमीही आहेत, जरूर पाहा). मालिकेनंतर तिने गावोगावी शिबिरं घेतली, माणशी ३०० डॉलर आकारून.

"मानलं तर बिघडलं कुठे?" काका, हे तुमच्यासाठी. या विचारातलं एक सूत्र असं, की प्रत्येकजण आपलं वास्तव स्वतः घडवतो, आपले आईबाप, आपली दुखणी स्वतः निवडतो. तेच सूत्र पुढे नेत मॅक्लेनने २०१३ च्या पुस्तकात विचारलं, की नाझींच्या छळछावण्यांत मारले गेलेले लोक मागल्या जन्मांचं कर्म फेडत असतील तर? प्रश्नाच्या रूपात विचारलं म्हणून ते सौम्य होत नाही. लाखो निरपराध माणसांच्या खुनाची जबाबदारी त्यांच्याच माथी मारायची ही वाट आहे.

तुमच्या धाकट्या बहिणीचं, आमच्या आत्याचं सांगतो. केमो चालू असताना तिला कोणीतरी एका शिबिराला नेलं होतं. नाव घेत नाही, अशी शिबिरं पुष्कळ आहेत. ती गेल्यावर औषधांची फाइल आवरताना मला रिपोर्टांच्या मधे वहीचा एक रेघी कागद मिळाला. वर तिच्या नेटक्या शिक्षिकी अक्षरात मथळा होता, "मी हा आजार का निवडला?" खाली एक ते दहा आकडे. पहिल्यापुढे लिहिलं होतं, आईवर रागावले. दुसऱ्यापुढे, नोकरीसाठी मुलाला पाळणाघरात ठेवलं. सातव्यापर्यंत तिने भरलं होतं. आठव्यापुढे काहीतरी लिहून इतकं खोडलं होतं की कागद फाटला होता.