कॉलऱ्याचं गणित उलटंच आहे: एका प्रतिक्रियेला उत्तर

अनामिक महोदय,

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. जिवाणू संदेशरेणू सोडून आपली संख्या कशी ओळखतात, यावरच्या माझ्या लेखात मी म्हटलं होतं: कॉलऱ्याचे जिवाणू थोडे असताना विष बनवतात आणि गर्दी झाली की थांबतात. आपण लिहिता: ‘गर्दी झाली की जिवाणू हल्ला करतात, हे बारावीच्या मुलालाही ठाऊक असतं. कॉलऱ्याबद्दल तुम्ही नेमकं उलटं लिहिलंय. आधी वाचा, मग शिकवा.’ पुढे हळद आणि लसणाच्या अर्काने हा सिग्नल तुटतो, यावर दोन परिच्छेद, सोबत जिवाणू वाढवलेल्या प्लेटचा फोटो.

माझी चूक आधी कबूल करतो. कॉलऱ्याच्या जिवाणूचा सीएआय-१ हा संदेशरेणू लक्सपीक्यू हा ग्राहक (रेणू ओळखणारं प्रथिन) ओळखतो, असं लेखात होतं. त्याला ओळखतो सीक्यूएसएस हा दुसरा ग्राहक. लक्सपीक्यूकडे एआय-२ हा वेगळा संदेशरेणू असतो. दुरुस्ती केली आहे. इतकं बारकाईने वाचणाऱ्या आपल्या नजरेतून ती सुटली, याचं मात्र नवल वाटलं.

आता ‘आधी वाचा’. हा सूर कशासाठी? अठरा वर्षं व्हिब्रिओवरच (कॉलऱ्याचा जिवाणू याच कुळातला) काम करतोय, आणि बारावीही रीतसर पास झालोय. मुद्दा चुकला असेल तर तसं सांगा, शिकवणी कशाला?

तुम्ही म्हणता ती गोष्ट स्यूडोमोनास या दुसऱ्या जिवाणूची आहे. तिथे गर्दी वाढली की लासआर हा नियंत्रक जागा होतो आणि ऊती कुरतडणारं इलास्टेज बाहेर पडतं. स्टॅफिलोकॉकस ऑरियसची बरीचशी विषंही अशीच गर्दीत सुटतात. त्यावरून तुम्ही सगळ्यांना एकच नियम लावलात. अहो, कोरम भरला की ठराव मंजूर होतो, एवढंच. ठराव कुठला, हे सोसायटीगणिक वेगळं असतं.

कॉलऱ्याच्या जिवाणूचा ठराव ‘आता इथून निघा’ असा असतो. संख्या कमी असताना लक्सओ या नियंत्रक प्रथिनावर फॉस्फेट चढलेला असतो. त्यातून क्यूआरआर नावाचे चार छोटे आरएनए तयार होतात आणि ते हॅपआर या दुसऱ्या नियंत्रक प्रथिनाचा निरोप (एमआरएनए) प्रथिन बनण्याआधीच नष्ट करतात. हॅपआर नाही म्हणून विषाची यंत्रणा सुरू करणारं ॲफए मोकळं, आणि ॲफए मोकळं म्हणून आतड्याला चिकटणारे तंतू आणि विष दोन्ही चालू. गर्दी झाली की फॉस्फेट उतरतो, हॅपआर बनतं, ते ॲफए बंद करतं आणि शिवाय एक प्रोटिएज (प्रथिनं कापणारा विकर) सोडायला लावतं. तो पकड सैल करतो. मग जुलाबाबरोबर मंडळी बाहेर, पुढच्या पाण्यात.

स्वतः बघायचं असेल तर विषाच्या वाटेला जाऊ नका. व्हिब्रिओ हार्वेयी या चमकणाऱ्या जिवाणूची प्रकाशाची जनुकं घातलेला कॉलऱ्याचा स्ट्रेन सुयोग्य प्रयोगशाळेत घ्या; हॅपआर असलं की तो चमकतो. रात्रभर वाढलेलं कल्चर ताज्या माध्यमात काही हजार पट पातळ करा आणि दर तासाला प्रकाश भागिले ओडी (कल्चरचा गढूळपणा, म्हणजे जिवाणूंच्या संख्येचा अंदाज) मांडा. आलेख आधी खाली जातो, मग वर चढतो. दहा पटच पातळ केलंत तर जुना सिग्नल सोबत येतो आणि उतार नीट दिसत नाही. एन१६९६१ हा कॉलऱ्याचा स्ट्रेन घेऊ नका. २००० साली जीनोम प्रसिद्ध झाला तोच हा स्ट्रेन, पण त्याचं हॅपआर मुळातच मोडकं आहे. आलेख तळालाच राहील आणि तुम्ही पुन्हा मलाच लिहाल.

आणि तुमचं ‘सिग्नल तोडा, रोग थांबेल’? इथे सिग्नल तोडलात तर जिवाणू आपण थोडेच आहोत असं समजून विष बनवतच राहतील. म्हणून २०१० साली कॉर्नेलच्या संशोधकांनी बरोबर उलटं केलं. सीएआय-१ बनवणारा निरुपद्रवी ई. कोलाय उंदरांच्या पिलांना आधी पाजला, आणि कॉलऱ्याचा संसर्ग झाल्यावर त्यांच्यातली जास्त पिलं वाचली.

हळद-लसणाच्या दोन परिच्छेदांना उत्तर देत बसत नाही. फक्त फोटोबद्दल: तुमच्या प्लेटवरचा क्रोमोबॅक्टेरियम हा जिवाणू गर्दीच्या सिग्नलवर जांभळा रंग बनवतो, पण रंग गेला म्हणजे सिग्नल गेला, असं होत नाही. अर्क लावलेल्या चकतीभोवतीचं वर्तुळ गढूळ असेल तर जिवाणू वाढलेत आणि फक्त रंग थांबलाय. पारदर्शक असेल तर तुमच्या अर्काने त्यांना सरळ मारलंय. तुमच्या फोटोत प्लेटवर ट्यूबलाइट चमकतेय, त्यामुळे दोन्हींतलं काहीच कळत नाही. मागून उजेड धरून पुन्हा काढा, आणि शेजारी नुसत्या द्रावकाची (ज्यात अर्क काढला त्या द्रवाची) चकती असू द्या.