दम नाही म्हणणाऱ्यांनो

आज दुपारी आमच्या टीमच्या ग्रुपवर मेसेज पडला. "एक्सरे क्लिअर आला. काहीच नव्हतं. पोरात दमच नाही." खाली सात-आठ हसणारे चेहरे. मी दुकानात होतो, समोर गिऱ्हाईक उभं होतं आणि माझे हात थरथरायला लागले. ग्रुपवर उत्तर दिलं असतं तर तोंडून भलतंच गेलं असतं, म्हणून इथं लिहितोय. ज्यांना लागायचं त्यांना लागू दे.

परवा, रविवारी सकाळच्या सरावातली गोष्ट. पोरगं सतरा वर्षांचं. कोल्हापुरातल्या पेठांमधलं फुटबॉलचं वेड माहीत असलेल्यांना सांगायला नको, ही पोरं शाहू स्टेडियमवर एकदा तरी उतरायचं म्हणून पहाटे पाचला उठतात. आपल्याच गावचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, त्याचं नाव काढलं की यांचे डोळे चमकतात. तर हे पोरगं चेंडू अडवायला आडवं गेलं आणि पाय आतल्या बाजूला मुडपला. बघता बघता घोट्याच्या बाहेरच्या अंगाला अंड्याएवढी सूज.

मग सुरू झाले आपले नेहमीचे उपचार. एकानं गार स्प्रे मारला. दुसऱ्यानं कुठून तरी तेल आणलं आणि दोन्ही अंगठे घालून "थांब, मोकळं करतो" म्हणत त्या सुजेवरच रगडायला लागला. तिसऱ्यानं काखेत हात घालून उठवलं. "चाल, चाल. बसलास तर पाय आखडेल." या तिसऱ्याच्या दुसऱ्या हातात पेटलेली सिगारेट होती. पोरानं ओठ चावत दोन पावलं टाकली आणि मटकन खाली बसलं. डोळ्यांत पाणी. तेव्हा ते वाक्य पहिल्यांदा आलं. "आजकालच्या पोरांच्यात दमच नाही."

हे वाक्य मला चांगलं ओळखीचं आहे. २०११ साली मी ते माझ्या वडलांना म्हणालो होतो. त्याच्याकडे येतोच.

आधी घोटा. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये एक साधा नियम घालून दिला, आजही जगभर वापरतात. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडं वर आलेली असतात त्यांच्या टोकावर आणि मागच्या कडेवर दाबायचं. पाऊल जिथं बाहेरच्या बाजूला मध्यावर जाड लागतं तिथं दाबायचं, आतल्या कमानीच्या वरच्या हाडावर दाबायचं. यातल्या कुठल्याही ठिकाणी हाडावर कळ आली, किंवा माणसाला चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्सरे काढायचा. पोरानं दोन टाकली होती. मी गाडीवर बसवून नेलं. हाड शाबूत निघालं, देवाची कृपा.

पण हाड शाबूत म्हणजे काही झालं नाही, हे कुणी ठरवलं? एक्सरेत हाड दिसतं. हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारं लिगामेंट दिसत नाही. बाहेरच्या बाजूचे ते धागे ताणले किंवा फाटले तर घोट्याचा तोलच जातो. तेव्हा नीट बघितलं नाही तर तोच घोटा पुढच्या मोसमात परत मुरगळतो, मग परत. आपल्या टीममध्ये असे किती घोटे आहेत, मोजा. मला न मोजता पाच आठवतात.

पहिले दोन-तीन दिवस मालीश नाही, शेक नाही, गरम पाणी नाही, दारू तर नाहीच. आत रक्त उतरलेलं असतं, रगडलं की आणखी उतरतं. पट्टी बांधायची, पाय छातीपेक्षा वर राहील असा उशांवर ठेवायचा. बर्फ दुखणं कमी करतो म्हणून फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, थेट कातडीवर नाही. बर्फावरूनही आता वाद आहे, ते मान्य. ज्या डॉक्टर मर्किननी १९७८ मध्ये विश्रांती, बर्फ, दाब आणि उंची हे सूत्र लिहिलं, त्यांनीच पुढं सांगितलं की बर्फानं बरं व्हायला उशीरही लागू शकतो. असू दे. पण म्हणून तेल घेऊन तुटून पडा असं ते कुठं म्हणाले नाहीत. आणि हो, आपल्या तालमीतल्या जुन्या वस्तादांचा हात मला ठाऊक आहे, सूज उतरल्यावर त्यांच्या मालीशनं आराम पडतो, हेही खरं. सूज उतरल्यावर.

महिनाभर नुसतं पडून राहणं हेसुद्धा चूकच. झेपेल तसा पाय हलवायचा. पोराला मी सांगितलंय, पलंगावर बसून अंगठ्यानं हवेत बाराखडी गिरव. मग टाचा उचलणं, मग दात घासताना एका पायावर उभं राहणं. एका पायावर न दुखता उड्या मारता आल्या, पळता पळता वळता आलं, की मगच मैदान. त्याला कितीही आठवडे लागोत.

हे एवढं मला कसं माहीत, तर गुडघा घालवून माहीत झालं.

२०११. मी सत्तावीस वर्षांचा, डावीकडे बचावाला खेळायचो. वळताना गुडघ्यात 'कट्' असा आवाज आला, तो मलाच नाही तर शेजारच्यालाही ऐकू गेला. तासाभरात गुडघा टम्म. हे दोन्ही, आवाज आणि लगेचची सूज, लिगामेंट तुटल्याची खूण असते, त्याच दिवशी हाडाच्या डॉक्टरकडे जायला हवं होतं. आम्ही गेलो एका नावाजलेल्या मालीशवाल्याकडे. तीन आठवडे चोळून घेतलं. सूज गेली. सगळे म्हणाले, झालास बरा, खेळ. खेळलो. दहाव्या मिनिटाला गुडघा दगा देऊन मी आडवा. या वेळी आतली गादीही फाटली. एमआरआय, ऑपरेशन, कुबड्या.

तेव्हा मी दिवसाला चौदा-पंधरा सिगारेटी ओढायचो. डॉक्टर म्हणाले, "सिगारेट बंद, आजपासून." कारणही सांगितलं. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आवळतात, धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा बळकावतो, मग जखम, हाड, लिगामेंट सगळंच सावकाश भरतं. पटलं. पण बंद करायची कशी, ते कुणी सांगितलं नाही. गुडघ्यासाठी मला छापील तक्ता मिळाला होता, कुठल्या आठवड्यात कुठला व्यायाम, किती वेळा, दुखलं तर काय करायचं. सिगारेटसाठी फक्त 'बंद' हा एक शब्द.

मला राग याचाच येतो. मोडलेल्या पायाला आपण निदान डॉक्टर दाखवतो. सिगारेटीचं आलं की एकदम मर्दानगी. "मनाचा निर्धार पाहिजे." निर्धारानं गुडघा बसतो का? मग मेंदूला वर्षानुवर्षं लागलेली निकोटिनची सवय नुसत्या निर्धारानं का सुटावी? एका रात्रीत सोडणारे असतात, माझा एक मामेभाऊ आहे तसा. बाकीच्यांचं काय?

मी वरच्या खोलीत खिडकीशी उभा राहून चोरून ओढायचो, कुबडी काखेत. एक दिवस आण्णा, माझे वडील, चहा घेऊन वर आले. धूर भरलेला. काही बोलले नाहीत. कप खाली ठेवला, सदऱ्याच्या खिशातून बिडीचं बंडल काढलं आणि माझ्या पाकिटाशेजारी खिडकीत ठेवलं. म्हणाले, "तू सोड. मी बी सोडतो." पंधराव्या वर्षापासून बिडी ओढणारा माणूस.

माझ्या फिजिओनं माझं चिडणं बघून ओळखलं आणि ओळखीच्या डॉक्टरकडे पाठवलं. तिथून निकोटिनचा गम मिळाला. तोही आधी मी बबलगमसारखा कचाकचा चावला, घसा जळला, उचक्या लागल्या, म्हटलं हे भंकस आहे. मग कळलं, हळू चावायचं, तिखट मिरमिर लागली की थांबायचं आणि गम गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा. मिरमिर गेली की परत दोनदा चावायचं. असा अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नाही, नाहीतर तो लागूच पडत नाही. उठल्या उठल्या सिगारेट लागणाऱ्याला डॉक्टर चार मिलिग्रॅमचा देतात, कमी ओढणाऱ्याला दोनचा, आणि महिने-दोन महिन्यांनी कमी करत नेतात. याशिवाय कातडीवर चिकटवायचा निकोटिनचा पॅच आहे, गोळ्याही आहेत, त्या डॉक्टरच्या चिठ्ठीनंच.

अकराव्या दिवशी न्हाणीच्या मागं आण्णा दिसले. हातात बिडी. मी कुबडीवर उभा आणि तोंडातून निघालं, "आण्णा, तुमच्यात दमच नाही."

ते बिडी विझवून आत गेले.

माझ्या गालात त्या क्षणी निकोटिनचा गम होता. त्यांच्या गालात काहीच नव्हतं. ते अकरा दिवस नुसत्या मनावर काढत होते आणि मी औषधावर उभा राहून त्यांना दम शिकवत होतो. गमचं मी घरात कुणाला सांगितलंच नव्हतं. लाज वाटायची. मर्दानं औषध घेऊन सिगारेट सोडायची म्हणजे काय, असं.

पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट असतात, हे तेव्हा त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तल्लफ येते ती पाच-दहा मिनिटांत ओसरते, तेवढी पाणी पिऊन, चक्कर मारून काढायची, हे सांगितलं नव्हतं. सोडल्यावर खोकला वाढतो तो छाती साफ व्हायला लागल्यामुळं, हेही नाही. आण्णांना वाटलं बिडी सोडली म्हणून छाती बिघडली. आणि परत ओढली म्हणजे सगळं वाया गेलं असंही नसतं. बहुतेकांची बऱ्याच प्रयत्नांनंतरच सुटते. आण्णांची चौथ्या वेळेला सुटली, २०१३ साली. कवळीला गम चिकटायचा म्हणून डॉक्टरांनी पॅच दिला. रोज सकाळी आंघोळ झाली की आरशासमोर उभं राहून दंडावर तो चौकोन तळहातानं दाबून बसवायचे, दहापर्यंत मोजत. रंकाळ्याच्या फेरीत आधी दोनदा बसायला लागायचं, मग बसेनासे झाले.

मी त्यांची माफी मागितली नाही. राहून गेलं. आता ते नाहीत.

म्हणून ग्रुपवरच्या माझ्या भावांनो, पोराला दम नाही म्हणू नका. त्याला बघायला गेलो तेव्हा त्याचे वडील मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊ, ह्यो सिनियरांच्या नादानं ओढतोय का हो?" मी खोटं बोलू शकलो नाही. सराव सुटला की टपरीवर काय चालतं ते आपण सगळे बघतो. सुट्टी सिगारेट विकायला राज्यात २०२० पासून बंदी आहे, तरी पोरांना एक-एक मिळते, कारण आपणच त्यांच्या खांद्यावर हात टाकून घेऊन जातो. माव्यावाल्यांनीही हसू नये, गुटखाबंदी २०१२ पासून आहे आणि मैदानाच्या कडेच्या भिंती लाल आहेत.

एक काम करा. सिगारेटच्या पाकिटावर १८००-११-२३५६ हा नंबर छापलेला असतो, कधी वाचलाय? तंबाखू सोडायला मदत करणारा आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आधी स्वतः लावा. ज्याला एकट्याला लावायला अवघड वाटतंय त्यानं माझ्या दुकानात यावं, शटर ओढून घेऊ, शेजारी बसतो. गम कसा चावायचा ते दाखवतो. कुणाला कळणार नाही.

हे लिहिता लिहिता पोराचा मेसेज आलाय. "काका, 'ज'पर्यंत गिरवलं. दुखायला लागलं."

आज तेवढंच बास, म्हणून कळवलंय.